चुकीची तालीम

रामनवमीला भर दुपारी, नेमका देव जन्माला येत असताना, माझं बोट घसरलं. कारण सांगायला लाज वाटते. मी सकाळपासून उपाशी होतो, समोरून सुंठवड्याचं ताट आलं, आणि डोळे ताटाकडे गेले की बोटंही थोडी तिकडेच कलतात. आमच्या गावच्या राममंदिरात भजनाला पेटी मी वाजवायचो. पाळण्याच्या दुसऱ्या ओळीला जिथे सरळ खाली उतरायचं, तिथे बोट भलत्याच पट्टीवर जाऊन पडलं.

आता या बाबतीत माझं एक मत आहे. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलात आणि तसेच मागे पळालात, तर चोर ठरता. ‘जरा पाणी देता का’ म्हणून ओसरीवर टेकलात, तर पाहुणे. मी त्या भलत्या सुरावर टेकलो. पाणी प्यालो. शेजारच्या दोन पट्ट्यांची विचारपूस केली आणि सावकाश आपल्या रस्त्याला लागलो. तसाही मी वळशाचाच माणूस. माझ्या जुन्या पेटीच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. त्यांना टाळून जाण्यातच निम्मी हयात गेली होती.

पण गाणारे बुवा डोळे मिटून डोलायला लागले. पाळण्याची दोरी धरलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. आणि ज्यांच्या शब्दावर देऊळ चालायचं ते पाटील ओरडले, “वा! थे जागा पुन्हा घ्या!”

मी पुन्हा घ्यायला गेलो. तिथे काहीच नव्हतं. नेहमीचा पाळणा होता.

“लपवून राह्यले,” पाटील कौतुकानं म्हणाले. “असू द्या. कलावंत मानूस.”

तेवढ्यावर मिटलं असतं. पण पाटलांनी देवळासाठी अकोल्याहून नवी पेटी मागवली होती. मोटारीच्या टपावर बसून ती मेडशीपर्यंत आली, तिथून बैलगाडीनं गावात. देवळात उंदीर फार, म्हणून पेटी वाजवणाऱ्याच्या घरी राहायची होती. आणि वाजवणारे दोन. एक मी, दुसरा माझा मेहुणा, आमच्या मंडळींचा धाकटा भाऊ. तो गावात मास्तर होता. अमरावतीच्या एका उस्तादाकडे रीतसर शिकलेला. त्याचं बोट घसरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पाटलांनी सांगून टाकलं, हनुमान जयंतीला दोघांनी नव्या पेटीवर तोच पाळणा वाजवायचा. “ज्याले थे जागा जमन, त्याच्या घरी पेटी.”

सगळ्या पट्ट्या बोलणारी पेटी माझ्या घरात कधी आली नव्हती. ती मला किती हवी होती, ते आजही नीट सांगता यायचं नाही. आणि त्यासाठी करायचं काय, तर माझीच चूक पुन्हा करून दाखवायची.

दुसऱ्या दिवसापासून चुकीची तालीम सुरू झाली. आमचा तबलजी शिंपी होता, मापाचा पक्का. तो म्हणाला, “मानूस उगाच चुकत नाही. त्या रोजचं सारं तसंच्या तसं मांडा.” मग मी उपाशी बसायचो. समोर आमची मंडळी सुंठवड्याचं ताट घेऊन उभी. अर्धं गाव ओसरीवर जमायचं आणि सूचना करायचं.

“वहिनी, ताट जरा डावीकडं घ्या.”

“आन तवा कुत्रं भुकलं होतं!”

एकानं कुत्रं धरून आणलं. ते माझ्या पायाशी झोपलं. “भुंक ना बे!” म्हणून त्याला गोंजारलं, दटावलं; शेवटी आणणाराच भुंकला. मी ताटाकडे बघत पाळणा वाजवला. अगदी बरोबर आला.

“हात्तिच्या! पुन्हा बरोबर!” ओसरी हळहळली.

“जलमभर चुकले,” ताट धरून हात दुखलेली मंडळी म्हणाली, “आन आता पाह्यजे तं जमून नाही राह्यलं?”

एके दिवशी मेहुणाही येऊन बसला. जाताना हळूच म्हणाला, “भाऊजी, तुमी त्या रोजी धैवतावर गेले होते. सांगू का कसं थे?”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

हनुमान जयंतीची पहाट झाली. नवी पेटी समोर आली. भाता ओढला, तर कुरकुर नाही. ज्या पट्टीवर बोट ठेवावं ती आनंदानं बोलायची. कोणाला टाळून जायचं कारणच उरलं नव्हतं. त्या दिवशी मी पाळणा असा वाजवला की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बोट इकडचं तिकडे झालं नाही. जन्मात पहिल्यांदा.

पाटलांचा चेहरा उतरला. “हे तं कोनीबी वाजवते, राजेहो.”

मग मेहुणा बसला. दुसऱ्या ओळीला आला, त्या भलत्या सुरावर टेकला, शेजारच्या दोन पट्ट्यांना भेटला आणि परत आला. तंतोतंत. पाटलांनी ती जागा तीनदा वाजवून घेतली. तिन्ही वेळा एकाच साच्यातल्या विटा. “हेच! हेच थे!” सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पेटी कोणाच्या तरी डोक्यावर बसून मेहुण्याच्या घरी गेली.

आता आमच्या गावात पाळण्याची तीच चाल आहे. मी जुन्या सवयीनं सरळ खाली उतरलो, तर बाया एकमेकींकडे बघतात आणि एखादी सून आदबीनं म्हणते, “मामाजी, तिथं चुकते तुमचं.”

पेटी गेली त्या दिवशी घरी आलो. जुन्या पेटीवरचं फडकंसुद्धा काढवेना. मंडळी चुलीपाशी होती.

“झालं समाधान?” मी म्हणालो. “पेटी तुमच्या माहेरी गेली.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “माहा भाऊ हायेच गुनाचा. त्याचं वाजवनं चालू असलं का माहा निम्मा सैपाक मनातल्या मनात होऊन जाते. तुमचं चालू असलं का काहीच सुचत नाही मले. सारा जीव तिकडंच, का हा मानूस आता कुठं जाऊन आदळते!”