सासूबाईंचा डावखुरा

वणीपासून थेट चंद्रपूरपर्यंत बेसबॉलमधलं कळणारं माणूस शोधायला निघालात, तर तुम्हाला ते एकच सापडेल, आणि ते म्हणजे माझ्या सासूबाई. यात सासूबाईंची थोरवी किती आणि स्पर्धेचा अभाव किती, हा वाद माझे सासरे नेहमी घालतात. पण या भागात बेसबॉलवर वाद घालायला दुसरं कुणीच नसल्यामुळे तो वादही सासूबाईच जिंकतात. त्यांनी या खेळाची बॅट कधी हातात धरलेली नाही, चेंडू कधी जवळून पाहिलेला नाही. त्यांचा सगळा व्यवहार खेळाडूंच्या पुठ्ठ्यावरच्या फोटोंशी. अमेरिकेत म्हणे खेळाडू नवाकोरा असतो त्या पहिल्या वर्षी त्याचं पत्त्याएवढं कार्ड निघतं. त्याला रूकी कार्ड म्हणतात. त्यावर त्याची सही असली तर आणखी चांगलं. पोरगा पुढे नावारूपाला आला की कार्डाला सोन्याचं मोल येतं, आणि नाही आला तर तो नुसता पुठ्ठा राहतो. आमच्याकडची माणसं प्लॉटमध्ये गुंतवणूक करतात, फार तर कोळशाच्या ट्रकमध्ये. सासूबाई पोट्ट्यांमध्ये करतात. "रुकी म्हणजे थांबलेली ना?" सासरे विचारतात. "थांबलेल्या गोष्टीत पैसा टाकणारी तूच एक."

ही बाधा त्यांना अमेरिकेतच झाली. माझ्या मेहुणीच्या बाळंतपणासाठी त्या तिकडे गेल्या होत्या. शेजारी एक गोरी म्हातारी राहायची. नवरा गेल्यानंतर त्याने जमवलेली कार्डं ती दर शनिवारी घरापुढे टेबल मांडून विकत बसायची. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि म्हातारीला वऱ्हाडी, त्यामुळे दोघींचं फार चांगलं जमलं. सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन टेबलाशी जायच्या, म्हातारी खुर्ची द्यायची, आणि दोघी दुपारभर आपापल्या भाषेत बोलत बसायच्या. निघताना म्हातारीने कार्डांच्या ढिगाकडे बोट करून, हवं ते घे, अशी खूण केली. सासूबाईंनी ढीग खालीवर करून एका मोठ्या कानांच्या पोराचं कार्ड उचललं. "मोठे कान म्हणजे ऐकणारा पोट्टा," त्या लेकीला म्हणाल्या. "ज्याले कोणी सांगतलं तर ऐकू येते, तो पुढं जाते." दोन-तीन वर्षांत तो कानवाला तिकडे एवढा गाजला की मेहुणीने ते कार्ड इंटरनेटवर विकलं तेव्हा तिचा नवरा दिवसभर हसावं की रडावं या अवस्थेत होता. त्या पैशांत बांगड्या होतील असं सगळ्यांना वाटलं. सासूबाईंनी आणखी पोट्टे घेतले.

त्यांची निवडीची पद्धत सोपी होती. दोन मुलींची स्थळं पाहताना जी वापरली तीच. कार्डाच्या मागच्या बाजूला खेळाडूची उंची, वजन, जन्मगाव, डावा की उजवा, असं सगळं छापलेलं असतं. सासूबाई त्याला बायोडाटा म्हणत. मेहुणीने फोनवर दाखवलेली कार्डं त्या एकामागून एक नापास करायच्या. हा लई हसते, याचं कामात लक्ष नसन. हा तोंड वाकडं करते, घरचे कंटाळले असतील. हा चांगला आहे, पण याच्या मायनं याचं लई कौतुक केलेलं दिसते. नावं काही त्यांच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून पसंत पडलेल्या प्रत्येकाला ओळखीतलं नाव मिळायचं. जाडजूड, शांत चेहऱ्याचा एक पोरगा त्यांच्या वेळाबाई गावातल्या मावसभावासारखा दिसायचा, तो बबनराव झाला. एकदा मी वणीला पोचलो तर त्या काळजीत बसलेल्या. बबनरावाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मी खऱ्या बबनरावांना फोन लावून तब्येतीची चौकशी केली. ते शेतात कापूस पाहत उभे होते आणि कमालीचे घाबरले.

यवतमाळला माझं चष्म्याचं दुकान आहे. या धंद्याचा सासूबाईंना पूर्वी काही अभिमान नव्हता. लग्न ठरताना त्यांनी, "नोकरी नाही वाटते," एवढंच म्हटलं होतं. कार्डं आल्यापासून मात्र मी लाडका जावई झालो, कारण भिंगं आणि काचा पुसायची मऊ फडकी ही दोन्ही माझ्याच दुकानात मिळतात. कार्डाला ओरखडा गेला, कोपरा दुमडला, डाग पडला की किंमत उतरते, आणि वणीत तर कोळशाची बारीक काळी धूळ बंद कपाटातसुद्धा शिरते. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं. त्या धुळीशी सासूबाईंनी युद्ध मांडलं होतं. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटं पापडाच्या डब्यात, डब्याला फडकं, वर झाकण, झाकणावर पाटा. घरात आलेल्या माणसाला पाण्याचा पेला नंतर आणि साबण आधी मिळायचा. "जवाईबापू, हात धुवा, मंग दाखवतो," असं म्हणून त्या मला मोरीपर्यंत पोचवायला यायच्या. एकदा मेहुणीचे सासरे पाहुणे म्हणून आले. त्यांनी पोहे खाताखाता एक कार्ड पाकिटातून बाहेर काढलं आणि एका गुणी पोराच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशावर हळदीचा अंगठा उमटला. व्याह्यांना बोलायची सोय नव्हती. सासूबाईंनी त्यांना आणखी पोहे वाढले, वर लिंबू पिळलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. त्याचं लगन लागलं समजू."

तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा इकडे पहाट असते. सासूबाई चहाचं आधण ठेवून फोन साखरेच्या डब्याला टेकवायच्या आणि समोर पाट घेऊन बसायच्या. सासरे शेजारी खुर्चीत कालचा पेपर वाचायचे. खाणीच्या ऑफिसात हिशेब तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि घरातही त्यांचं बोलणं हिशेबाबाहेर क्वचितच जाई. पण पेपरच्या वरून डोळे दिसत. "हा पळून काहून राह्यला?" ते विचारायचे, कुणाला उद्देशून नाही असं. आणि सासूबाई सांगायच्या. माझ्या बायकोचं म्हणणं, तिच्या आई-वडिलांना तिने इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

अशातच तो डावखुरा आला. चेंडू फेकणारा, किडमिडीत, गळ्याची घाटी वर आलेला पोरगा. त्याच्या कार्डावर निळ्या शाईत सही होती. बाकीच्या सह्या म्हणजे नुसत्या रेघोट्या. याने शाळेच्या पाटीवर लिहावं तसं पूर्ण नाव लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं, जरा उजवीकडे कललेलं. सासूबाई भिंग लावून ती सही बराच वेळ पाहत राहिल्या. "यानं घाई नाही केली," त्या म्हणाल्या. "कोणी सही मागतली याचंच त्याले नवल वाटलं असन." त्याला त्यांनी कुणाचंच नाव दिलं नाही. तो डावखुराच राहिला. दुसऱ्या वर्षी हा पोरगा चमकला. त्याच्या चेंडूपुढे भले भले उभे राहीनात. मेहुणीचे रोज फोन यायला लागले की आई, आत्ता विकून टाक, यापेक्षा वर जाणार नाही. मीही तेच म्हणालो. सासऱ्यांनी तर पेपर खाली ठेवून म्हटलं, "वीक." सासूबाई म्हणाल्या, "आता कुठं त्याचं चांगलं चालू आहे, अन् आपण त्याले बाजारात न्यायचं?" याला गुंतवणुकीच्या शास्त्रात उत्तर नाही.

त्या पावसाळ्यात नळाला पाणी आलं म्हणून सासरे घाईने उठले, ओल्या फरशीवरून घसरले आणि उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं होतं. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता सगळं व्यायामावर आहे. सासऱ्यांनी व्यायाम केला नाही. दुखायचं, हे खरं. पण त्याहून जास्त म्हणजे, आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाला बटणं लावून घ्यावी लागत होती, आणि हे त्यांना सहन होत नव्हतं. ते बाहेर जाईनात. सासूबाई घास भरवायच्या, ते भिंतीकडे बघत खायचे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला एवढंच सांगितलं, "हात गेला आता. माझं झालं." माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. सासूबाई रडल्या नाहीत. त्या पोळ्या लाटत होत्या, त्या लाटतच राहिल्या, फक्त पोळ्या नेहमीपेक्षा फार पातळ झाल्या.

त्याच सुमारास डावखुऱ्याचाही खांदा गेला. सामना चालू असताना त्याने चेंडू टाकला आणि तिथेच हात धरून खाली बसला. ऑपरेशन झालं, आणि कार्डाचा भाव इतका झपाट्याने उतरला की मेहुणीने फोनवर सांगायचंसुद्धा टाळलं. पुढच्या वेळी बोलणं निघालं तेव्हा ती म्हणाली, "आई, अजून काही येत असेल तर काढून टाक." सासूबाईंनी तिला त्याचं आणखी एक कार्ड घ्यायला लावलं. "भाव उतरला म्हणजे पोट्टा उतरला काय?" त्या म्हणाल्या. "अन् आता कोणी घेऊन नाही राह्यलं, तर आपण नको घ्यायला?"

तो पोरगा आपल्या व्यायामाचे छोटे छोटे व्हिडिओ टाकायचा. दाराच्या मुठीला रबराचा पट्टा बांधून ओढायचा, चेहरा पिळवटायचा, कधी डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाईंनी एका सकाळी फोन सासऱ्यांच्या पलंगाजवळ, त्यांना भिंतीकडे वळूनही दिसेल असा ठेवला.

"पाहा जरा," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "त्याले पैसे भेटतात व्यायामाचे."

"तुम्हाले पोळी भेटन."

आणि त्या दिवसापासून त्यांनी भरवणं बंद केलं. ताट उजव्या बाजूला ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. दाराआड उभ्या राहायच्या, हे मला बायकोने नंतर सांगितलं. सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी दाराच्या कडीला बांधली. सासरे ट्यूब ओढायचे, कडी वाजायची, आणि समोरच्या काकू आपल्याच घरातून "आली, आली" म्हणत बाहेर यायच्या. पहिले काही आठवडे सासरे दोन-तीन वेळा ओढून बसून जायचे. पण पलीकडे तो डावखुरा रोज ओढत होता. हळूहळू सासरे सकाळी उठल्याबरोबर विचारायला लागले, "त्याचा कुठवर गेला?" त्याचा हात खांद्याएवढा वर गेला त्या दिवशी हे दिवसभर चिडचिडे होते. मग यांचाही गेला. पुढे त्याची प्रगती थांबली तेव्हा सासरे अस्वस्थ झाले. "तो कोपरातून वाकवून राह्यला," ते म्हणाले. "त्याले कोणीतरी सांगाले पाह्यजे."

उन्हाळ्यात डावखुरा परत मैदानात उतरला. मोठ्या संघात नाही. कुठल्या तरी लहान गावच्या संघात, निम्म्या रिकाम्या खुर्च्यांपुढे. आम्ही मुद्दाम आदल्या दिवशी वणीला गेलो होतो. पहाटे पंखा घरघरत होता, चहा झाला होता, आणि आम्ही चौघं साखरेच्या डब्यासमोर बसलो होतो. त्याचे पहिले दोन चेंडू भलतीकडेच गेले. तिसरा नीट पडला. चौथा समोरच्याने असा टोलवला की तो कॅमेऱ्यालाही लवकर सापडला नाही. पुढचेही तसेच. शेवटी त्यांच्या संघाचा एक म्हातारा बाहेरून चालत आला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि चेंडू काढून घेतला. डावखुरा हातमोजा तोंडावर धरून चालत गेला.

काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हणालो, "मग आता कार्डाचं काही खरं नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "कार्ड कुठी गेलं, जवाईबापू? डब्यात आहे. त्यानं हात वर नेला का नाही, ते नाही पाह्यलं तुम्ही?"

"वर नेला, पण उशिरा सोडला," सासरे म्हणाले. "चेंडू इथून सुटाले पाह्यजे. हा असा." आणि दाखवायला त्यांनी हात उचलला. उजवा हात. तो कानाच्या वर गेला, डोक्याच्याही वर गेला, आणि तिथे थांबून मनगटातून झटका देऊन त्यांनी एक नसलेला चेंडू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर टाकला. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते डावखुऱ्यावरच बोलत होते. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी उठून गॅसवर पुन्हा आधण ठेवलं, आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "अजून एकदा दाखवा. मले नीट नाही समजलं."

डावखुऱ्याने पुढच्या वर्षी खेळ सोडला. आता तो आपल्या गावातल्या शाळेत मुलांना शिकवतो असं मेहुणी सांगते. सासूबाईंना ते ऐकून बरं वाटलं. "मास्तर झाला, चांगलं झालं. घराजवळ राहीन," त्या म्हणाल्या. त्यांनी नवीन पोट्टे घेणं हळूहळू थांबवलं आहे. चेहरे लक्षात राहत नाहीत म्हणतात. मी नंबर वाढवून नवा चष्मा दिला, तरी म्हणतात, डोळ्याचं नाही ते.

मागच्या महिन्यात मी एकटाच वणीला गेलो होतो. पहाटे जाग आली तर स्वयंपाकघरातून गर्दीचा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर सामना चालू होता आणि दोघंही झोपली होती. सासरे खुर्चीत, सासूबाई पाटावर भिंतीला टेकून, हातातला चहा गार झालेला. मी त्यांच्या हातातून कप काढून घेतला. आवाज जरा कमी केला, पण फोन बंद करवेना. जाग आल्यावर त्या विचारणार होत्या, काय झालं. आणि सांगायला घरात कुणीतरी जागं हवं होतं. म्हणून मी स्टूल ओढून घेतलं, आणि मला आजवर न कळलेला तो खेळ शेवटच्या चेंडूपर्यंत लक्ष देऊन पाहत बसलो.