देगलूरचा दोस्त

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी निलंग्यात रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरांना मानसिक ताणाबद्दल विचारत होतो. घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळं प्रत्येक प्रश्न आधी मनात वाचून मगच विचारायचो. त्यातले एक काका रुग्णवाहिकेची पुसलेली काच पुन्हा पुसत होते.

"काका, फॉर्मवर नाव टाकायचं नाही."

"नाव कशाला लागतंय? या गाडीवर मी एकटाच हाय. ताण हाय म्हणलं तर साहेब गाडी काढून घेतील. लिही, न्हाई."

"झोप लागते?"

त्यांनी फडका झटकला. "मला लागती की. माझ्या एका दोस्ताला न्हाई लागत. अपघातातलं लेकरू सारखं डोळ्यापुढं येतंय त्याच्या. त्यो बी ड्रायव्हरच."

"निलंग्याचेच का?"

"न्हाई न्हाई! देगलूरचा लिही."

मी लिहिलं. मग लातूरच्या समुपदेशक बाई भेटतात तो वार चिठ्ठीवर लिहून दिला आणि तिथलं बोलणं साहेबांपर्यंत जात नाही, हेही सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"एकट्यानंच जावं लागतंय, का बायकोला नेलं तर चालतंय?"

"नेलं तर बरंच."

"मग आज घरी गेलो की विचारतो तिला," ते म्हणाले.

मी मान खाली घालून पुढचा प्रश्न शोधू लागलो.