'ळ'ची जागा

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी पुस्तकांची संगणकावरची यादी सांभाळते. ज्या मोफत सॉफ्टवेअरवर ती चालते, ते युरोपातल्या निरनिराळ्या देशांतली मंडळी फावल्या वेळात तयार करतात. एकदा माझ्या लक्षात आलं, यादीत 'काळजी' हा शब्द 'कावळा'च्या आधी येतोय. मराठी वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. सॉफ्टवेअर त्याला 'ल'शेजारी बसवत होतं.

कळवायचं तर इंग्रजीत. मी वैरागच्या मराठी शाळेत शिकलेली. चार ओळींना दोन दिवस लागले, आणि सुरुवातीलाच मी माझ्या इंग्रजीबद्दल माफी मागितली. आमचे ग्रंथालय परिचर घरी तेलुगू, माझ्याशी मराठी आणि चहावाल्याशी दख्खनी बोलतात. ते म्हणाले, "मॅडम, लई विचार करताय की. पाठवून टाका."

हंगेरीतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. तुमचं दुसरं वाक्य कळलं नाही, पण उदाहरणावरून चूक कळली. बुधवारच्या ऑनलाइन बैठकीत समजावून सांगाल का?

आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले होते. पडद्यावर पाच जण. हंगेरीचे गृहस्थ शब्द अडला की "थांबा, शोधतो" म्हणून खुशाल शब्दकोश उघडत. पोर्तुगालच्या बाई भूत-भविष्य सगळं वर्तमानातच सांगत होत्या. काम मात्र कुठे अडत नव्हतं. मग लंडनचे एक जण भराभर बोलले. हंगेरीचे गृहस्थ म्हणाले, "माफ करा, आम्हाला काहीच कळलं नाही. जरा हळू सांगा." लंडनवाले ओशाळले आणि तेच सोप्या शब्दांत टाइप करू लागले. मला फार बरं वाटलं. बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

माझी पाळी आली तेव्हा मी दोन्ही शब्द कागदावर मोठे लिहून कॅमेऱ्यापुढे धरले. "हे अक्षर इथे नको. शेवटी हवं." पाचही जणांना कळलं. मग त्यांनी 'ळ' म्हणून पाहिला. कुणाचा 'ल' झाला, कुणाचा 'ड'. मी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिले.

पुढच्या आवृत्तीत यादी सुधारली, आणि मीही त्या गटात राहिले. नंतर लिथुआनियातल्या एका ग्रंथपाल बाईंनी आम्हाला लिहिलं. त्यांच्या वर्णमालेत 'वाय' हे अक्षर 'आय'च्या शेजारी बसतं, आणि सॉफ्टवेअर ते शेवटी टाकतं. गटाने ते काम माझ्याकडे दिलं. परवा आम्ही दोघी तासभर त्यावरच बोलत होतो.