एस्तेरताईने वाचायला लावलेली प्रेमकथा

त्या शेवटच्या गुरुवारी ताईने मला मध्येच थांबवलं. "पुरे आज, शिमोन. उरलेलं तू घरी वाच." मी म्हणालो, "एकट्याने कशाला? पुढच्या गुरुवारी वाचू की दोघं." सोमवारी सकाळी तिच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला... ताई झोपेतच गेली होती. याला दीड महिना होईल. पण सांगायला संकोच वाटतो, माझ्या डोक्यात तिच्या जाण्याइतकाच त्या पुस्तकाचाही गोंधळ चालू आहे.

एस्तेरताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी सात वर्षांचा असताना आई गेली, वडील नोकरीपायी बाहेरगावी असत. माझा डबा, माझा अभ्यास, माझी आजारपणं सगळं तिनेच काढलं. पुढे पनवेलच्या शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही. मी मुलाबरोबर उलव्याला राहायला गेलो, ती तिच्या दोन खोल्यांतच राहिली. डोळ्यांचा पडदा खराब होऊन तिचं वाचन थांबलं, तेव्हा मी दर गुरुवारी तिला वाचून दाखवायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन गेलो होतो. तिने ते बाजूला ठेवलं आणि माझ्या नातीचं, रिनाचं, एक इंग्रजी पुस्तक पुढे केलं. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर पाठमोरे मुलगा-मुलगी. कॉलेजच्या पोरींनी वाचायची प्रेमकथा!

"ताई, मी सहासष्ट वर्षांचा आहे."

"मग चष्मा लाव आणि वाच."

पहिली शंभर पानं नुसती चॅटिंग आणि रुसवेफुगवे. मी मनात हसत होतो. मग गोष्टीतल्या सतरा वर्षांच्या मुलीची आई वारते. तिचा मित्र परदेशी निघतो, तिला बरोबर ये म्हणतो. घरी धाकटा भाऊ असतो, तिच्याशिवाय न जेवणारा. ती मित्राला सरळ खोटं सांगते, माझं तुझ्यावर प्रेमच नव्हतं. भावाला यातलं काही कळू देत नाही. तिथे माझा आवाज अडखळला. ताई मात्र फटकन म्हणाली, "मूर्ख मुलगी. तिच्यावाचून त्या पोराचं काही अडलं नसतं." मला ते उगाचच लागलं. पुढच्या गुरुवारी तिने तेच पान पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाली, "बरोबर केलं तिने."

"गेल्या वेळी तर मूर्ख म्हणालीस."

"तेही बरोबरच होतं."

परतताना बसमध्ये मला बेन्यामिनदादा आठवले. मी नऊ वर्षांचा असताना शनिवारी संध्याकाळी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुटल्यावर ते आमच्याकडे यायचे. तेव्हा आमच्या ज्यू समाजातली बरीच घरं इस्रायलला चालली होती, तेही निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा ताईने मला साखर आणायला पाठवलं. डबा भरलेला होता, मी पाहिला होता. परत आलो तर ते गेलेले... सत्तावन्न वर्षांत मी त्या साखरेचा कधी विचारच केला नव्हता. म्हणून त्या शेवटच्या गुरुवारी वाचता वाचता धीर करून विचारलं, "ताई, बेन्यामिनदादा आठवतात गं?"

"कोण?" ती म्हणाली. मग माझ्या हातातलं पुस्तक मिटवून, "पुरे आज, शिमोन."

दफन झालं, सात दिवसांचा शोकही पाळून झाला. रिनाला पुस्तक परत देताना म्हणालो, "शेवट राहिलाच आमचा." ती चकित झाली. "राहिला कसा? आत्याआजीला शेवट पाठ होता, आजोबा! सुट्टीत मी तिला दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाली, पुस्तक इथेच ठेव, आता शिमोन वाचेल."

मी पुस्तक परत मागून घेतलं. शेवटी मोठा झालेला भाऊ बहिणीला विचारतो, "तुला पश्चात्ताप होतो का?" आणि कादंबरी तिथेच संपते, उत्तर न देता. ताईला मला काय सांगायचं होतं? की मी विचारावं, एवढंच? आणि विचारलं, तर मग "कोण?" का म्हणाली? की हे सगळं माझ्याच मनाचे खेळ, आणि तिला ती गोष्ट नुसतीच आवडली होती?

खोल्या रिकाम्या करायच्या आहेत, माझ्याच्याने होत नाही. गुरुवारी मात्र जाऊन बसतो. काल तिच्या खुर्चीसमोर बसून शेवटचं पान वाचलं आणि तो प्रश्न मोठ्याने विचारला. विचारला मात्र, आणि घाबरलो... कारण ती 'हो' म्हणायला हवी होती की 'नाही', हे माझं मलाच ठरवता येईना.