मालवणी बोलणारा प्रोग्राम

अंधेरीच्या एका विमा कार्यालयात मी तीस वर्षं कोबोल या जुन्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिले. निवृत्त झाले आणि ठरवलं, आता पुरे. पुढची चार वर्षं कीबोर्डला हात लावला नाही.

मग माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण शब्द गेले. समजायचं सगळं, सांगता काहीच यायचं नाही. पाण्यासाठी टेबलावर थाप मारायचे आणि मी चष्मा आणून द्यायचे. दोघांनाही रडू यायचं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक अ‍ॅप दाखवलं. चित्र दाबलं की बोलायचं, पण बातम्या वाचल्यासारखं हिंदीत. जन्मभर घरात मालवणी बोललेल्या माणसाने तोंडच फिरवलं.

"मी करते तुमच्यासाठी," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण कोबोल इथे काय कामाचं? बोरीवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, बासष्टाव्या वर्षी पायथन ही नवी संगणकभाषा शिकायला बसले. वाक्य संपलं की टिंब द्यायची तीस वर्षांची सवय. इथे टिंब दिलं की चूक! ओळीआधी किती जागा सोडली, यालाही अर्थ. पहिल्या आठवड्यात पार वाट लागली. मग हात बसला, तर तो प्रोग्राम ह्यांच्यासाठी घेतलेल्या टॅबवर नीट चालेना. म्हणून जावास्क्रिप्ट ही आणखी एक भाषा घेतली. ती भलतीच मोकळीढाकळी, चुका पोटात घालणारी. तिच्याशी भांडतच शिकले, आणि खरं सांगते, मजा येऊ लागली.

चित्रांमागचा आवाज धाकट्या दिरांचा. ते मुलुंडहून आले, "वयनी, सांग काय बोलूचा ता," म्हणाले आणि साठ वाक्यं रेकॉर्ड करून गेले.

टॅब ह्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ चित्रं बघून त्यांनी कपावर बोट ठेवलं. "माका च्याय व्हयी." मी धावत चहा करून आणला. एक घोट घेऊन त्यांनी गंभीर चेहऱ्याने दुसरं बटण दाबलं.

"मीठ कमी आसा."

चहात मीठ! मी वर पाहिलं, तर हे हसत होते. सात महिन्यांनी माझी थट्टा केली होती.

थेरपिस्ट बाईंनी ते पाहिलं तेव्हा विचारलं, "कुठल्या कंपनीचं हो हे?"

"माझं आहे," मी म्हणाले.

आता ते आणखी तीन घरांत चालतं. एका कोळी आजींच्या टॅबवर त्यांच्या लेकीचा आवाज आहे, घाटकोपरच्या एका घरात गुजराती. प्रत्येक घरासाठी थोडं बदलावं लागतं. ते सगळं मीच करते.