सबनीस काकांचा रुमाल

"टाक रे! आधी रुमाल टाक! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

न्यूयॉर्कच्या भुयारी स्टेशनावर सबनीस काका असे ओरडले, की रुळांमधले उंदीर सहकुटुंब स्थलांतर करून गेले. डिसेंबरातला रविवार होता. सबवेचे जुन्या जमान्यातले डबे दुरुस्त करून, रंगवून एका दिवसापुरते रुळांवर आणले होते. हिरवा रंग, वेताने विणलेल्या सीटा, छताला उघडे पंखे. आणि मुख्य म्हणजे उघडणाऱ्या खिडक्या! फोटोवाल्यांनी दोन-चार उघडूनही ठेवल्या होत्या. अमेरिकेने काकांना घर दिलं, ग्रीन कार्ड दिलं, पण रुमाल टाकता येईल अशी खिडकी तीस वर्षांत पहिल्यांदाच दिली.

काका म्हणायचे, "जागा मिळत नसते, जागा टाकावी लागते." ही विद्या त्यांनी कॉलेजात असताना सांगलीच्या एस.टी. स्टँडवर कमावली आणि न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत वाढवली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत शाळेच्या हॉलची पहिली रांग त्यांच्या घरच्या शालींनी झाकलेली असे. नाटकाच्या शेवटच्या अंकापर्यंत काही शाली एकट्याच नाटक बघत बसत. थँक्सगिव्हिंगच्या सेलला दुकानाच्या दारात मफलर टाकून ते गाडीत जाऊन घोरत. काका आता नाहीत. स्वर्गात पहिली रांग रिकामी दिसली तरी कुणी बसू नये. तिथे शाल असणार.

एवढा पराक्रमी माणूस हरला होता एकाच खिडकीपुढे. लग्न करून काकूंना पहिल्यांदा अमेरिकेत आणताना विमानात काका स्वतः खिडकीशी बसले. "मी आधी नीट बघून घेतो, मग तुला देतो," म्हणाले, आणि झोपले ते न्यूयॉर्कला उठले. काकूंनी सातासमुद्रांपैकी एकही पाहिला नाही. तेव्हापासून सबनीसांच्या घरातलं प्रत्येक भांडण त्या खिडकीपाशी जाऊन थांबे. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तरी खिडकी, टॅक्स रिटर्न चुकला तरी खिडकी, जावयाची नोकरी गेली तरी खिडकीच. शेवटी या ट्रिपच्या आधी काकांनी घरी बोलावलेल्या मंडळाच्या भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, "हिला या वेळी खिडकी नाही मिळाली, तर मी मंडळाच्या ट्रिपा काढणं सोडलं!"

काकू मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघू."

मी तेव्हा जवळच पिस्कॅटवेला नोकरी करत होतो. काकांनी मला ट्रिपला घेतलं ते माझी उंची बघून. गाडी थांबली तसा मी नेम धरला आणि रुमाल अलगद खिडकीच्या सीटवर पडला. शेजारी पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर गार्डाची टोपी घातलेला एक हौशी अमेरिकन आजोबा होता. त्याने रुमाल उचलला, घडी घातली, खिडकीतून परत दिला.

"सर, यू ड्रॉप्ड दिस."

काकांनी शाल टाकली. शाल परत आली. मफलर टाकला, तोही आला. चकल्यांची पिशवी टाकली, तीसुद्धा एकही चकली न हलता परत! तोवर तो आजोबा स्वतःच खिडकीशी सरकला होता, वस्तू द्यायला सोयीचं पडावं म्हणून.

"हा इसम जन्मात एस.टी.त बसलेला नाही!" काका कडाडले.

"काका, दार उघडं आहे," मी म्हणालो.

"दारातून काय, कुणीही जातं!"

आणि शपथेवर सांगतो, काकांनी खिडकीतून स्वतःलाच आत टाकलं. कमरेपर्यंत गेले. त्या भल्या माणसाने हाताला लागलेल्या सवयीने त्यांनाही उचलून बाहेर परत दिलं.

एवढ्यात काकू दारातून शांतपणे आत गेल्या. आजोबा टोपी काढून उभा राहिला आणि त्याने त्यांना खिडकी दिली. काका धावत आत पोचेपर्यंत बाकीच्या सीटा भरल्या होत्या. गळ्यात मफलर, खांद्यावर शाल, काखेत चकल्या अशा थाटात ते काकूंच्या मागे कडीला लटकले. तरी चेहऱ्यावर गड जिंकल्याचं तेज होतं.

आजोबाने थंडीची काच लावून दिली, गाडी हलली आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख झाला.

आमच्यात अर्धा डझन पीएच.डी. होत्या. पण भुयारात खिडकीतून काय दिसणार, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. आता तो सगळ्यांच्या एकदम आला आणि बोलायची छाती कुणाची होईना. काकांचा चेहरा स्टेशनागणिक उतरत गेला. काळ्या काचेत डब्यातले पिवळे दिवे तेवढे चमकत होते. काकू मात्र शेवटच्या स्टेशनापर्यंत त्या काचेकडे एकटक बघत बसल्या होत्या. चकलीसुद्धा नको म्हणाल्या.

उतरल्यावर काका काकूंच्या मागून जिना चढले. वर उजेडात आल्यावर त्यांनी चोरट्या आवाजात विचारलं, "काय गं... काय दिसलं खिडकीतून?"

अख्खं मंडळ पुढे सरकलं.

काकूंनी पदर सारखा केला.

"तुम्ही. सगळा वेळ उभे."