तळहातावर घेतलेला सूर्य
तुळशीच्या लग्नाचे ऊस बाजारात आले की जोगेश्वरीच्या चाळीतली ती सकाळ आठवते. बुध सूर्यासमोरून जाणार होता. शेजारच्या मास्तरांनी अंगणात दुर्बीण लावून सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडला होता. बायको तेव्हा गरोदर. माझ्या आईने याला ग्रहणच धरलं आणि तिला खोलीत बसवून ठेवलं. "भायर जाव नको. पोराक डाग येतलो." आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, म्हणून मीही आईचंच ऐकलं. थोड्या वेळाने बायको दारात आली. "तुम्ही सगळे सूर्य बघणार आणि मी काय भिंत बघू?" असं म्हणून सरळ अंगणात उतरली आणि पुठ्ठ्यासमोर हात धरला. तळहातावर सूर्य आला, त्यात मोहरीपेक्षा बारीक काळा ठिपका. "बघा आई, एवढुसा तर आहे. हा काय करणार माझ्या बाळाला?" पोरगी झाली तेव्हा आईने तिला उलटीसुलटी करून डाग शोधला. कुठे नव्हता. यंदा बायको गेली. पोरगी म्हणते, आई फार धीट होती. धीट कसली? त्या सकाळी तिचा हात लटलट कापत होता. मी तो खालून धरून ठेवला होता.